जिमी हेंड्रिक्स

जेम्स मार्शल हेंड्रिक्स ऊर्फ जिमी हेंड्रिक्स (जन्म : २७ नोव्हेंबर १९४२, सिअॅटल, अमेरिका, मृत्यू : १८ सप्टेंबर १९७०, लंडन, इंग्लंड) हे अमेरिकी रॉक गिटारवादक, गायक आणि गीतकार होते. रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वांत प्रभावशाली गिटारवादकांमध्ये त्यांची गणना होते. इलेक्ट्रिक गिटार हे केवळ आवाज मोठा केलेले गिटार नसून ते एक स्वतंत्र वाद्य आहे, ही जाणीव रूढ करण्यात त्यांच्या वादनाचा मोठा वाटा आहे.

हेंड्रिक्स यांची प्रमुख कलाकार म्हणून कारकीर्द जेमतेम चार वर्षांची होती. या काळात त्यांच्या तीन स्टुडिओ ध्वनिमुद्रिका आणि कार्यक्रमात मुद्रित केलेली एक ध्वनिमुद्रिका अशा चारच मुद्रिका त्यांच्या संमतीने प्रसिद्ध झाल्या. माँटेरे (१९६७), वुडस्टॉक (१९६९) आणि आइल ऑफ वाइट (१९७०) या तिन्ही गाजलेल्या संगीत महोत्सवांत त्यांनी वादन केले. मात्र प्रसिद्धीपूर्वी केलेला एक करार, व्यवस्थापनाशी असलेले मतभेद आणि सततचे दौरे यांमुळे स्वतःच्या संगीतावर स्वतःचा ताबा मिळवण्यासाठी त्यांना अखेरपर्यंत झगडावे लागले. मृत्युपत्र न करताच वयाच्या २७व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या संगीताचे हक्क कुटुंबाकडे येण्यास १९९५ साल उजाडले.

प्रारंभिक जीवन

हेंड्रिक्स यांचा जन्म वॉशिंग्टन राज्यातील सिअॅटल येथे झाला. त्यांचे जन्मनाव जॉनी अॅलन हेंड्रिक्स असे होते. त्यांची आई लूसिल जेटर त्या वेळी १७ वर्षांची होती, तर वडील जेम्स अॅलन ऊर्फ अल हेंड्रिक्स हे अमेरिकी लष्करात होते. मुलाच्या जन्मासाठी त्यांना रजा मिळाली नाही. अल यांचे आईवडील फिरत्या नाटक मंडळीत काम करीत. पुढे ते कॅनडातील व्हँकूव्हर येथे स्थायिक झाले आणि अल यांचा जन्म तेथेच झाला. आजी नोरा यांच्याकडून आपल्यात चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीचे रक्त आले आहे, असे कुटुंबात मानले जाई आणि जिमी यांना त्याचा अभिमान होता.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अल लष्करातून परतले, तेव्हा मूल कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका परिचित कुटुंबाकडे वाढत होते. ते त्याला घेऊन सिअॅटलला आले आणि १९४६ साली त्यांनी त्याचे नाव बदलून जेम्स मार्शल असे ठेवले. १९४८ साली धाकटा भाऊ लिऑन याचा जन्म झाला. घरची परिस्थिती हलाखीची होती. आईवडील दोघेही मद्याच्या आहारी गेले होते आणि त्यांच्यात सतत भांडणे होत. नंतर जन्मलेली काही भावंडे परिस्थितीअभावी सरकारी देखरेखीखाली द्यावी लागली. १९५१ साली आईवडिलांचा घटस्फोट होऊन जिमी व लिऑन यांचा ताबा वडिलांकडे आला. फेब्रुवारी १९५८ मध्ये आईचे निधन झाले. तिच्या अंत्यविधीला वडिलांनी दोन्ही मुलांना नेले नाही.

प्राथमिक शाळेत असताना जिमी केरसुणी हातात धरून गिटार वाजवल्याचा अभिनय करीत. ही सवय शाळेतील एका समाजसेविकेच्या लक्षात आली. गिटारविना राहिल्यास मुलाच्या मनावर परिणाम होईल, असे सांगून तिने त्याच्यासाठी निधी मागितला. पण तो मिळाला नाही. १९५७ साली वडिलांबरोबर एका घरातील अडगळ काढताना त्यांना एकच तार असलेले युकुलेले हे छोटे वाद्य सापडले. त्या एका तारेवर ते ऐकलेली गाणी वाजवू लागले. पुढल्या वर्षी पाच डॉलरला विकत घेतलेले जुने गिटार त्यांच्या हाती आले. १९५९ साली वडिलांनी त्यांना पहिले इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिले. हे गिटार एका कार्यक्रमानंतर रंगमंचामागे ठेवले असता चोरीला गेले.

हेंड्रिक्स डावखुरे होते आणि उपलब्ध गिटारे उजव्या हाताने वाजवण्याची होती. त्यामुळे ते गिटार उलटे धरून त्याच्या तारा पुन्हा लावून घेत. डाव्या हाताने वाजवणे वडील अशुभ मानीत, त्यामुळे ते समोर असले की जिमी गिटार सुलटे धरून वाजवीत, अशी आठवण लिऑन यांनी सांगितली आहे. संगीताचे औपचारिक शिक्षण त्यांना मिळाले नाही आणि स्वरलिपी वाचता येत नव्हती. मडी वॉटर्स, बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ, रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायक-वादकांच्या तबकड्या ऐकून ते शिकत गेले. गारफील्ड हायस्कूलमधील शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले.

लष्करी सेवा

१९६१ साली चोरीच्या मोटारीत आढळल्याबद्दल हेंड्रिक्स यांना दोनदा पकडण्यात आले. तुरुंग किंवा लष्कर असे दोन पर्याय समोर आल्यावर त्यांनी ३१ मे १९६१ रोजी लष्करात नाव नोंदवले. कॅलिफोर्नियातील फोर्ट ऑर्ड येथे प्राथमिक प्रशिक्षण झाल्यावर त्यांची नेमणूक केंटकी राज्यातील फोर्ट कॅम्पबेल येथे १०१व्या हवाई डिव्हिजनमध्ये छत्रीसैनिक म्हणून झाली. तेथे त्यांनी पत्र पाठवून वडिलांकडून आपले गिटार मागवून घेतले.

छावणीतील क्लबात त्यांचे वादन ऐकून बिली कॉक्स हा सैनिक त्यांच्याकडे आकृष्ट झाला. कॉक्स बेस गिटार वाजवीत. ही मैत्री आयुष्यभर टिकली. सैनिक म्हणून मात्र हेंड्रिक्स यांची कामगिरी वरिष्ठांना समाधानकारक वाटली नाही. कामावर असतानाही त्यांचे लक्ष गिटारकडे असते, अशा नोंदी त्यांच्याविषयी झाल्या. १९६२ साली त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आले. छत्रीउडीत घोटा मोडल्याने आपण बाहेर पडलो, असे ते नंतर सांगत. लष्करी कागदपत्रांत मात्र सेवेस अयोग्य असल्याचे कारण नोंदलेले आहे.

उमेदवारीचा काळ (१९६२-१९६६)

लष्करातून सुटल्यावर हेंड्रिक्स आणि कॉक्स यांनी टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल व नंतर नॅशव्हिल येथे किंग कॅज्युअल्स हा बँड चालवला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय कलाकारांसाठी क्लब आणि नाट्यगृहांची एक वेगळीच साखळी होती. तिला चिटलिन सर्किट असे म्हणत. या साखळीतील प्रेक्षक चोखंदळ असत आणि वादकाने वाजवण्याबरोबर करमणूकही करावी, अशी त्यांची अपेक्षा असे. गिटार पाठीमागे धरून किंवा दातांनी वाजवण्याच्या ज्या करामतींमुळे हेंड्रिक्स पुढे जगभर गाजले, त्या त्यांनी येथेच आत्मसात केल्या.

१९६४ च्या सुरुवातीला ते न्यू यॉर्कमधील हार्लेम या भागात राहण्यास गेले. तेथील अपोलो थिएटरमध्ये हौशी कलाकारांच्या स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. त्यानंतर त्यांना आयली ब्रदर्स या प्रसिद्ध गायकसमूहाच्या साथीदारांत स्थान मिळाले. पुढे ते लिटल रिचर्ड यांच्या बँडमध्ये गेले. मुख्य कलाकारावरून लक्ष विचलित होईल असा पोशाख व हालचाली आणि वेळेवर न येणे यांवरून तेथे खटके उडत. १९६५ च्या मध्यास त्यांनी तो बँड सोडला. साथीदाराला नेमून दिलेले तेच सूर, तोच गणवेश आणि ठरलेली पावले यांचा त्यांना कंटाळा आला होता.

यानंतर ते कर्टिस नाइट यांच्या बँडमध्ये वाजवू लागले. १५ ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांनी निर्माते एड चॅल्पिन यांच्याशी तीन वर्षांचा ध्वनिमुद्रण करार केला. या कराराची रक्कम एक डॉलर होती आणि विक्रीवर एक टक्का स्वामित्वधन मिळणार होते. अडचणीत असलेल्या एका साथीदार वादकाने केलेली ही सही पुढे त्यांच्या कारकीर्दीवरील सर्वांत मोठे ओझे ठरली.

१९६६ साली हेंड्रिक्स यांनी न्यू यॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात जिमी जेम्स अँड द ब्लू फ्लेम्स हा स्वतःचा बँड उभा केला. कॅफे व्हा या ठिकाणी त्यांचे कार्यक्रम होत. ब्रिटिश मॉडेल लिंडा कीथ यांनी त्यांचे वादन ऐकून संगीत व्यवसायातील अनेकांना त्यांच्याविषयी सांगितले. पहिल्या दोघांनी नकार दिला. त्यानंतर त्यांनी द अॅनिमल्स या ब्रिटिश बँडचे बेस गिटारवादक चॅस चँडलर यांना आणले. चँडलर त्या वेळी वादन सोडून निर्मितीकडे वळण्याच्या विचारात होते. हेंड्रिक्स यांनी वाजवलेले ‘हे जो’ हे गाणे ऐकून त्यांनी त्यांना लंडनला नेण्याचे ठरवले.

लंडन आणि द जिमी हेंड्रिक्स एक्सपीरियन्स

२४ सप्टेंबर १९६६ रोजी हेंड्रिक्स लंडनला पोहोचले. चँडलर यांच्या सूचनेवरून त्यांनी आपल्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलले. व्यवस्थापनाची जबाबदारी चँडलर आणि अॅनिमल्सचे व्यवस्थापक मायकेल जेफ्री यांनी घेतली. हेंड्रिक्स यांचे जुने करार चँडलर यांनी पैसे देऊन सोडवून घेतले. चॅल्पिन यांच्याशी झालेल्या कराराचा उल्लेख मात्र हेंड्रिक्स यांनी केला नाही.

नव्या बँडसाठी नोएल रेडिंग आणि मिच मिचेल यांची निवड झाली. रेडिंग हे मूळचे गिटारवादक असून अॅनिमल्समध्ये जागा मिळावी म्हणून चाचणीस आले होते. त्यांना बेस गिटार देण्यात आले. मिचेल यांच्या ड्रमवादनावर जॅझ संगीताचा संस्कार होता. तिघांच्या या बँडचे नाव द जिमी हेंड्रिक्स एक्सपीरियन्स असे ठेवण्यात आले. त्यांचे पहिले कार्यक्रम ऑक्टोबर १९६६ मध्ये फ्रान्समध्ये झाले.

लंडनमध्ये आल्यावर आठवडाभरातच, १ ऑक्टोबर रोजी, हेंड्रिक्स यांनी क्रीम या बँडच्या कार्यक्रमात मंचावर जाऊन हाउलिन वुल्फ यांचे ‘किलिंग फ्लोर’ हे गाणे वाजवले. क्रीमचे एरिक क्लॅप्टन हे त्या वेळी ब्रिटनमधील अग्रगण्य गिटारवादक मानले जात. या प्रसंगाने ते चकित झाले. थोड्याच काळात बीटल्स, रोलिंग स्टोन्स, द हू या बँडचे सदस्य हेंड्रिक्स यांच्या कार्यक्रमांना येऊ लागले. ब्रिटिश रॉक वादकांनी ब्लूज हे संगीत बहुतांशी तबकड्यांवरून शिकले होते. त्याच परंपरेत वाढलेला आणि तिच्या पुढे गेलेला वादक आता त्यांच्यासमोर उभा होता.

डिसेंबर १९६६ मध्ये ‘हे जो’ प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनच्या विक्री क्रमवारीत सहाव्या स्थानावर पोहोचले. त्यानंतर ‘पर्पल हेझ’ आणि ‘द विंड क्राइज मेरी’ ही गाणीही पहिल्या दहांत आली. मे १९६७ मध्ये ‘आर यू एक्सपीरियन्स्ड’ ही पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ती दुसऱ्या स्थानापर्यंत गेली; पहिल्या स्थानी बीटल्सची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ होती. ४ जून १९६७ रोजी लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये हेंड्रिक्स यांनी कार्यक्रमाची सुरुवात याच नव्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकगीताने केली. प्रेक्षकांत पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन उपस्थित होते.

माँटेरे महोत्सव

ब्रिटनमध्ये ख्याती मिळाली तरी मायदेशात हेंड्रिक्स जवळजवळ अपरिचित होते. मॅकार्टनी यांच्या शिफारशीवरून त्यांना कॅलिफोर्नियातील माँटेरे महोत्सवाचे निमंत्रण मिळाले. १८ जून १९६७ रोजी महोत्सवाच्या अखेरच्या दिवशी त्यांचे वादन झाले. त्यांच्यात आणि द हू या बँडमध्ये आधी कोणी वाजवावे, याचा निर्णय नाणेफेकीने झाला. द हूने आपल्या प्रथेप्रमाणे वाद्यांची मोडतोड करून कार्यक्रम संपवला. हेंड्रिक्स यांनी शेवटच्या गाण्यानंतर आपल्या गिटारवर ज्वलनशील द्रव ओतून ते पेटवले आणि मग फोडून टाकले. गिटार पेटवण्याचा प्रकार त्यांनी मार्चमध्ये लंडनच्या अॅस्टोरियात प्रथम केला होता. माँटेरेतील प्रसंग डी. ए. पेनेबेकर यांच्या चित्रपटात नोंदला गेला आणि हेंड्रिक्स एका रात्रीत अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

त्याच दिवशी दुपारी त्याच मंचावर पंडित रविशंकर यांचे सतारवादन झाले होते. वाद्याला पूज्य मानणाऱ्या परंपरेतील रविशंकर यांना गिटार जाळण्याचा प्रकार क्लेशकारक वाटला आणि ही नापसंती त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली. हेंड्रिक्स यांनाही ही प्रतिमा लवकरच जाचक वाटू लागली. प्रेक्षक प्रत्येक ठिकाणी त्याच करामतींची मागणी करीत आणि केवळ वादन ऐकवण्याचा त्यांचा प्रयत्न झाला की नाराज होत.

पुढील ध्वनिमुद्रिका

डिसेंबर १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘अॅक्सिस : बोल्ड अॅज लव्ह’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्या एका बाजूची अंतिम ध्वनिफीत हेंड्रिक्स लंडनमधील टॅक्सीत विसरले आणि ती परत मिळाली नाही. त्यामुळे चँडलर आणि ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांच्यासह त्यांना ते मिश्रण एका रात्रीत पुन्हा करावे लागले. या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ भारतीयांना ओळखीचे वाटते. विष्णूच्या विराट रूपाच्या एका भारतीय चित्रावर बँडमधील तिघांचे चेहरे बसवून ते तयार केले होते. कंपनीने त्यासाठी हेंड्रिक्स यांना विचारले नव्हते. आपला वारसा मूळ अमेरिकी जमातीचा आहे, तो मुखपृष्ठावर दिसला असता तर बरे झाले असते, असे त्यांचे मत होते.

तिसरी ध्वनिमुद्रिका ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ ही ऑक्टोबर १९६८ मध्ये दोन तबकड्यांच्या संचाच्या रूपात प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत विक्रीच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली. तिची निर्मिती हेंड्रिक्स यांनी स्वतः केली. न्यू यॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत तिचे बहुतेक काम झाले. एकेक गाणे समाधान होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवण्याची त्यांची पद्धत आणि स्टुडिओत जमणारी मित्रमंडळींची गर्दी यांना कंटाळून चँडलर काम अर्धवट असतानाच बाहेर पडले. त्यानंतर व्यवस्थापन एकट्या जेफ्री यांच्या हाती आले. बॉब डिलन यांच्या ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ या गाण्याचे हेंड्रिक्स यांनी केलेले सादरीकरण याच संचात आहे. या गाण्याचे ते सर्वांत परिचित रूप असून डिलन यांनी स्वतःही पुढे ते त्याच वळणाने गायले. या संचाच्या ब्रिटिश आवृत्तीवर नग्न स्त्रियांचे छायाचित्र छापले गेले. हेही हेंड्रिक्स यांच्या इच्छेविरुद्ध होते. त्यांनी वेगळ्या छायाचित्रासाठी लेखी सूचना पाठवल्या होत्या.

वादनशैली

हेंड्रिक्स प्रामुख्याने फेंडर कंपनीचे स्ट्रॅटोकास्टर गिटार वापरीत. उजव्या हाताचे गिटार उलटे धरल्याने त्याची बटणे आणि सूर हलवणारा दांडा वरच्या बाजूस येत. तारांखालील तिरका ध्वनिग्राहकही उलटा होई. त्यामुळे खर्जाच्या तारा अधिक टोकदार आणि वरच्या तारा अधिक मृदू वाजत. ते गिटार सहसा अर्धा स्वर उतरवून लावीत. लांब बोटांमुळे त्यांचा अंगठा गिटारच्या मानेवरून वळून खर्जाची तार दाबू शके आणि उरलेली बोटे सुरावटीसाठी मोकळी राहत. त्यामुळे साथ आणि मुख्य सुरावट या दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी वाजवीत. सतारीतील मिंडेप्रमाणे तार ओढून स्वर चढवण्याची ब्लूजमधील रीत त्यांच्या वादनात पुरेपूर दिसते.

विजेच्या उपकरणांचा त्यांनी केलेला वापर हे त्यांचे विशेष योगदान मानले जाते. गिटारचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा तारांना कंप देऊ लागला की एक लांबणारा, कर्कश नाद उत्पन्न होतो. त्याला फीडबॅक म्हणतात. हा नाद तोवर बहुधा दोष समजून टाळला जाई. हेंड्रिक्स यांच्या आधी काही वादकांनी त्याचा उपयोग केला होता. पण मार्शल अॅम्प्लिफायरसमोर उभे राहण्याची जागा, शरीराचा कोन आणि सूर हलवणारा दांडा यांच्या साह्याने त्याला हव्या त्या स्वरावर धरून ठेवण्याचे कसब त्यांनी विकसित केले. आवाज खरखरीत करणारे फझ फेस, पायाने दाबून स्वराचा रंग बदलणारे वा-वा पेडल आणि मूळ स्वराबरोबर वरच्या सप्तकाचा स्वर मिसळणारे ऑक्टेव्हिया ही उपकरणे त्यांच्यामुळे लोकप्रिय झाली. ऑक्टेव्हिया हे रॉजर मेयर या ध्वनितंत्रज्ञाने तयार केले होते. ‘लिटल विंग’ सारख्या शांत रचनांत मात्र हेंड्रिक्स यांच्या वादनाची दुसरी, नाजूक बाजू दिसते. स्वतःच्या आवाजाविषयी त्यांना आत्मविश्वास नव्हता आणि गाणे मुद्रित करताना ते पडद्याआड उभे राहणे पसंत करीत.

वुडस्टॉक आणि नंतरचे बँड

१९६९ साल हेंड्रिक्स यांना अस्वस्थतेचे गेले. ३ मे रोजी टोरांटो विमानतळावर त्यांच्या सामानात अमली पदार्थ सापडल्याने त्यांना अटक झाली. डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. जून अखेरीस डेन्व्हर येथील महोत्सवानंतर मूळ एक्सपीरियन्स बँड विसर्जित झाला.

१८ ऑगस्ट १९६९ रोजी सोमवारी सकाळी त्यांनी वुडस्टॉक महोत्सवाचा समारोप केला. पाऊस आणि दिरंगाईमुळे कार्यक्रम रात्रीऐवजी सकाळी झाला आणि लाखोंच्या गर्दीपैकी बराच मोठा भाग तोवर घरी परतला होता. त्यांच्यासोबत बिली कॉक्स आणि मिच मिचेल यांच्यासह नव्याने जमवलेला बँड होता. याच कार्यक्रमात त्यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत एकट्या गिटारवर वाजवले. सुरावटीच्या मधेच विमानांची घरघर, बाँबस्फोट आणि किंकाळ्या यांचा भास होईल असे नाद त्यांनी काढले. त्या वेळी व्हिएतनाम युद्ध सुरू होते आणि हेंड्रिक्स यांची जुनी १०१वी डिव्हिजन तेथे लढत होती. अनेकांनी या वादनाला युद्धाचा निषेध मानले, तर काहींनी राष्ट्रगीताचा अवमान. हेंड्रिक्स यांनी नंतर दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपल्याला ते सुंदर वाटते, एवढेच सांगून वादात पडण्याचे टाळले.

सप्टेंबर १९६९ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये भररस्त्यात एका मदतनिधीसाठी वादन केले. त्यांचे चाहते बहुसंख्येने गौरवर्णीय होते आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी असलेल्या रेडिओ केंद्रांवर त्यांची गाणी क्वचितच लागत. ज्या वस्तीत उमेदवारी केली, तेथील श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचा हा प्रयत्न होता. मात्र सुरुवातीस काहींनी त्यांच्यावर वस्तू फेकल्या आणि कार्यक्रमाच्या अखेरपर्यंत थोडेच श्रोते उरले.

वर्षअखेरीस बिली कॉक्स आणि ड्रमवादक बडी माइल्स यांच्यासह त्यांनी बँड ऑफ जिप्सीज स्थापन केला. तिन्ही सदस्य कृष्णवर्णीय असलेल्या या बँडचे कार्यक्रम १९६९ ची अखेर आणि १९७० च्या नववर्षदिनी न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये झाले. युद्धात आणि अमेरिकेच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांवरील ‘मशीन गन’ ही रचना या कार्यक्रमांत मुद्रित झाली. अनेक अभ्यासक तिला त्यांचे सर्वश्रेष्ठ वादन मानतात. २८ जानेवारी १९७० रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रम अर्ध्यावर सोडून हेंड्रिक्स मंचावरून निघून गेले आणि हा बँडही संपुष्टात आला.

करार आणि स्वतःचा स्टुडिओ

हेंड्रिक्स प्रसिद्ध होताच चॅल्पिन यांनी १९६५ च्या कराराच्या आधारे दावा लावला. डिसेंबर १९६७ मध्ये कॅपिटॉल कंपनीने कर्टिस नाइट यांच्यासोबतची जुनी ध्वनिमुद्रणे हेंड्रिक्स यांच्या ताज्या छायाचित्रासह बाजारात आणली, त्यामुळे त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रिकेला आपल्याच जुन्या कामाशी स्पर्धा करावी लागली. १९६८ साली अमेरिकेतील वाद तडजोडीने मिटला. चॅल्पिन यांना स्वामित्वधनात वाटा आणि कॅपिटॉलला एक नवी ध्वनिमुद्रिका द्यायचे ठरले. मार्च १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बँड ऑफ जिप्सीज’ ही ध्वनिमुद्रिका या देण्याची पूर्तता होती. ब्रिटनमधील दावा हेंड्रिक्स यांच्या मृत्यूपर्यंत मिटला नव्हता.

स्टुडिओच्या भाड्यापोटी प्रचंड खर्च होत असल्याने हेंड्रिक्स आणि जेफ्री यांनी ग्रिनिच व्हिलेजमधील एका बंद पडलेल्या क्लबच्या जागी स्वतःचा स्टुडिओ बांधण्यास घेतले. वास्तुरचना जॉन स्टॉरिक यांनी केली. जागेखालून वाहणाऱ्या पाण्यामुळे काम रखडले, खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला आणि भविष्यातील स्वामित्वधनावर कंपनीकडून कर्ज काढावे लागले. ते फेडण्यासाठी हेंड्रिक्स यांना पुन्हा दौऱ्यांवर जावे लागले. १९७० च्या उन्हाळ्यात त्यांनी तेथे ध्वनिमुद्रण सुरू केले. २६ ऑगस्ट १९७० रोजी इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओजचे औपचारिक उद्घाटन झाले आणि हेंड्रिक्स लगेचच युरोपच्या दौऱ्यासाठी रवाना झाले. ते तेथे पुन्हा परतले नाहीत.

मृत्यू

ऑगस्टच्या अखेरीस आइल ऑफ वाइट महोत्सवात आणि ६ सप्टेंबर रोजी जर्मनीतील फेमार्न बेटावर त्यांचे कार्यक्रम झाले. बिली कॉक्स आजारी पडल्याने उर्वरित दौरा रद्द करण्यात आला. १६ सप्टेंबर रोजी लंडनच्या रॉनी स्कॉट क्लबमध्ये त्यांनी एरिक बर्डन यांच्या बँडसोबत अखेरचे जाहीर वादन केले.

१८ सप्टेंबर १९७० रोजी सकाळी नॉटिंग हिल भागातील समरकंद हॉटेलमध्ये मोनिका डॅनेमन या मैत्रिणीच्या खोलीवर ते बेशुद्धावस्थेत आढळले. रुग्णालयात दुपारी पाऊण वाजता त्यांना मृत घोषित करण्यात आले. झोपेच्या तीव्र गोळ्या नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक घेतल्या गेल्याने गुंगीत उलटी श्वसनमार्गात जाऊन गुदमरल्याने मृत्यू झाल्याचे शवचिकित्सेत निष्पन्न झाले. मृत्यूमागील परिस्थितीचा निश्चित निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याने चौकशी अधिकाऱ्याने निर्णय खुला ठेवला. डॅनेमन यांच्या जबानीतील विसंगतींमुळे पुढे अनेक तर्क मांडले गेले. १९९०च्या दशकात ब्रिटिश पोलिसांनी प्रकरण पुन्हा तपासले. पण औपचारिक चौकशी नव्याने सुरू करण्यात आली नाही. १ ऑक्टोबर रोजी सिअॅटलजवळील रेंटन येथील ग्रीनवुड दफनभूमीत त्यांचे दफन झाले. नोव्हेंबरमध्ये ‘व्हूडू चाइल’ हे गाणे ब्रिटनच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. तेथे हा मान मिळवणारे ते त्यांचे एकमेव गाणे ठरले.

मृत्यूनंतरचे वाद

हेंड्रिक्स यांनी मृत्युपत्र केले नव्हते. त्यामुळे वडील अल हे वारस ठरले; प्रत्यक्ष कारभार मात्र वकील आणि कंपन्यांच्या हाती राहिला. मागे राहिलेल्या शेकडो तासांच्या ध्वनिफितींमधून नवनव्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. क्रेमर आणि मिचेल यांनी सिद्ध केलेली ‘द क्राय ऑफ लव्ह’ (१९७१) नावाजली गेली. याउलट निर्माते अॅलन डग्लस यांनी ‘क्रॅश लँडिंग’ (१९७५) मध्ये मूळ साथीदारांचे वादन पुसून त्या जागी नव्या वादकांचे वादन भरले, त्यावर कठोर टीका झाली. रेडिंग आणि मिचेल यांनी १९७०च्या दशकात एकरकमी मोबदला घेऊन आपले हक्क सोडले होते. पुढील विक्रीच्या तुलनेत ती रक्कम नगण्य ठरली.

आपल्या संमतीविना हक्क विकले जात असल्याचे सांगून अल हेंड्रिक्स यांनी १९९३ मध्ये दावा दाखल केला. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक आणि हेंड्रिक्स यांचे चाहते पॉल अॅलन यांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य केले. १९९५ साली तडजोड होऊन हक्क कुटुंबाकडे आले. एक्सपीरियन्स हेंड्रिक्स ही कौटुंबिक कंपनी तेव्हापासून ते सांभाळते. २००२ साली अल यांचे निधन झाले. मृत्युपत्रातून वगळले गेल्याने लिऑन हेंड्रिक्स यांनी न्यायालयात धाव घेतली. २००४ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला.

प्रभाव आणि सन्मान

स्टीव्ही रे व्हॉन, प्रिन्स, अर्नी आयली यांच्यासह अनेक गिटारवादकांवर हेंड्रिक्स यांचा प्रभाव आहे. त्यांचा प्रभाव रॉकपुरता मर्यादित नाही. जॅझ संगीतकार माइल्स डेव्हिस यांनी विद्युत वाद्यांकडे वळताना त्यांच्या वादनाचा आदर्श ठेवला, तर गिल एव्हान्स यांनी १९७४ साली त्यांच्या रचना जॅझ वाद्यवृंदासाठी बांधल्या. इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओजमध्ये स्टीव्ही वंडर, पॅटी स्मिथ अशा अनेकांनी ध्वनिमुद्रण केले आणि तो आजही चालू आहे.

एक्सपीरियन्स बँडचा १९९२ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. रोलिंग स्टोन नियतकालिकाने २००३ आणि २०११ च्या सर्वश्रेष्ठ गिटारवादकांच्या यादीत हेंड्रिक्स यांना पहिले स्थान दिले. २०१४ साली अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. लंडनमधील २३ ब्रुक स्ट्रीट येथील ज्या घरात ते १९६८-६९ मध्ये राहत, त्यावर १९९७ साली निळा स्मृतिफलक लावण्यात आला. शेजारचे घर अठराव्या शतकातील संगीतकार हँडेल यांचे असून आता दोन्ही घरांचे मिळून संग्रहालय आहे.

हयातीत प्रसिद्ध झालेल्या प्रमुख ध्वनिमुद्रिका

- आर यू एक्सपीरियन्स्ड (१९६७)
- अॅक्सिस : बोल्ड अॅज लव्ह (१९६७)
- इलेक्ट्रिक लेडीलँड (१९६८)
- बँड ऑफ जिप्सीज (१९७०, कार्यक्रमातील ध्वनिमुद्रण)